एका जुन्या वाद्यासाठी मागणे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोद्यात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



शाळेच्या व्यासपीठावर माजी विद्यार्थी उभा राहिला की त्याने आठवणी सांगाव्यात, अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ती इतक्या उत्तम प्रकारे पाळली आहे की त्यात मी भर न घालणेच बरे. मी आज मागायला उभी आहे. कार्यकारी मंडळाला मी हे आधीच कळवले होते. जे मागायचे ते उघडपणे आणि हिशेबासह मागावे, एवढ्या एकाच अटीवर मंडळाने मला ही वीस मिनिटे दिली. ती अट मला मनापासून मान्य आहे.

मला एक वाद्य विकत घ्यायचे आहे. त्याचे नाव व्हिओला दा गांबा. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देते.

इटालियन भाषेत ‘गांबा’ म्हणजे पाय. दोन्ही पायांच्या मध्ये उभे धरून गजाने वाजवायचे हे वाद्य. दुरून पाहणाऱ्याला ते चेलोसारखे दिसते, पण त्याचे कूळ वेगळे आहे. त्याला सहा तारा असतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये खालच्या स्वराची सातवी तार आली. तारा धातूच्या नसून तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या असतात. दांडीवर पडदे असतात आणि तेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले, हवे तसे सरकवता येणारे. गज धरताना तळहात वरच्या बाजूला असतो. ज्यांनी दिलरुबा किंवा सारंगी जवळून पाहिली आहे, त्यांच्या लक्षात आले असेल की हे वर्णन आपल्याला परके नाही. सरकणारे पडदे आणि गज एकत्र असलेला दिलरुबा आपल्याकडे आहे, आणि गजाची तशीच उताणी पकड आपले दिलरुबावादक व सारंगिये पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. गांबाच्याच कुळातील ‘बारितोन’ नावाच्या एका वाद्याला तर सारंगीप्रमाणे तरफा असत. प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी हे वाद्य वाजवीत असे, म्हणून त्याच्या पदरी असलेल्या हायडनने त्यासाठी शंभराहून अधिक त्रिकुट-रचना लिहिल्या.

गांबाचा उदय पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटली या देशांत झाला. पुढची अडीचशे वर्षे युरोपच्या राजवाड्यांत आणि घरांघरांत तिला मोठा मान होता. फ्रान्सच्या राजदरबारी असलेल्या मारँ मारे या वादकाने १६८६ ते १७२५ या काळात तिच्यासाठी रचनांचे पाच ग्रंथ प्रसिद्ध केले. बाखने तिच्यासाठी तीन सोनाटा लिहिले आणि ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ व ‘सेंट जॉन पॅशन’ या दोन्ही महान रचनांत, दुःखाच्या अगदी आतल्या जागी, तिचाच आवाज योजला. त्यानंतर मैफली दिवाणखान्यांतून मोठ्या सभागृहांत गेल्या. तिथे चेलोचा भरदार आवाज पुरे पडे, गांबाचा पडत नसे. १७८७ साली लंडनमध्ये कार्ल फ्रीडरिश आबेल हा वादक वारला आणि त्याच्याबरोबर तिची मोठी परंपरा जवळजवळ संपली. कित्येक जुन्या गांबा कापून, दांड्या बदलून, त्यांचे चेलो करण्यात आले.

विसाव्या शतकात ही परंपरा पुन्हा उभी राहिली. आर्नोल्ड डोल्मेच यांच्यासारख्या माणसांनी संग्रहालयांतील वाद्ये मोजली, त्यांच्या प्रतिकृती केल्या आणि जुने ग्रंथ उघडून त्यांतील वादनपद्धती अभ्यासली. १९३३ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात केवळ जुन्या संगीताला वाहिलेली ‘स्कोला कांतोरुम’ ही संस्था निघाली. जे संगीत ज्या काळातले, ते त्या काळच्या वाद्यावर आणि त्या काळच्या रीतीने वाजवावे, हे या चळवळीचे सूत्र आहे. पंडित भातखंडे यांनी गावोगाव हिंडून उस्तादांकडून बंदिशी टिपल्या, जुने ग्रंथ मिळवून प्रसिद्ध केले, त्या कामाची आठवण बडोदेकरांना येथे यावी. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली आपल्याच शहरात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने भरली होती.

या वाद्याकडे मी कशी वळले, ते थोडक्यात सांगते. शाळेच्या संगीताच्या खोलीत एक दिलरुबा होता. कुणा पालकांनी तो शाळेला दिलेला होता. सातवीत असताना संगीताच्या बाईंनी तो माझ्या हाती दिला आणि सुटीत घरी न्यायची परवानगीही दिली. आमच्या घरची परिस्थिती वाद्य विकत घेण्याची नव्हती. दहावीपर्यंत मी शाळेच्याच वाद्यावर शिकले. पुढे महाविद्यालयात असताना गांबाचे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकले आणि वाटले, हा आवाज दिलरुब्याच्या घरातला आहे. त्यानंतरची काही वर्षे त्या ओढीमागे गेली. आज मी नेदरलँड्समध्ये, हेग येथे, एका संगीत विद्यालयात गांबाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि येत्या जूनमध्ये ते पूर्ण होईल. बडोद्याच्या संगीताला हेग नवे नाही. मौलाबक्ष यांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा सुरू केली. त्यांचे नातू, वीणावादक इनायत खान, १९१० साली पश्चिमेकडे गेले आणि त्यांचे बंधू महेबूब खान व मुशर्रफ खान हे हेगमध्येच स्थायिक झाले.

बडोद्याची तालीम तिथे किती उपयोगी पडते, हेही सांगायला हवे. जुन्या युरोपीय संगीतात सगळे कागदावर लिहिलेले नसे. १५५३ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेला दिएगो ओर्तिस यांचा ग्रंथ आणि १६५९ सालचा क्रिस्टोफर सिम्पसन यांचा ग्रंथ, हे दोन्ही, ठरावीक स्वरपंक्ती पुन्हापुन्हा वाजत असताना तिच्यावर उत्स्फूर्त विस्तार कसा करावा, हेच शिकवतात. लहरा धरून त्यावर वाजवण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे शिकताना बिचकायला होत नाही. माझे सहाध्यायी ज्या तासाला घाबरत, त्या तासाला मी निश्चिंत असे.

आता अडचण सांगते. मी आजवर ज्या वाद्यावर शिकले, ते विद्यालयाच्या मालकीचे आहे. विद्यार्थिदशा संपली की ते परत करायचे. हा नियम रास्तच आहे, कारण माझ्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागणार आहे. पदवीनंतर काम शोधण्यासाठी तिथे एक वर्षाचा परवाना मिळतो. त्या एका वर्षात मला माझ्या पायावर उभे राहायचे आहे. नेदरलँड्समध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत गावोगाव बाखची ‘मॅथ्यू पॅशन’ सादर होते. आपल्याकडे गणेशोत्सवात कलावंतांना जशी उसंत नसते, तसे ते दिवस. एवढ्या मोठ्या रचनेत गांबावादक लागतो तो मोजक्या स्थळी, पण त्याच्याशिवाय चालत नाही. आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या आठवड्यांतून येतो आणि त्यांची बोलावणी आदल्या शरद ऋतूतच ठरतात. ज्याच्याकडे वाद्य नाही, त्याला ‘हो’ म्हणता येत नाही. जूनअखेर वाद्य परत केले आणि माझे वाद्य हाती नसले, तर आठ वर्षांच्या शिक्षणानंतर मी रिकाम्या हातांची वादक असेन.

कुणी म्हणेल, चेलो वाजवावा. चेलोला पडदे नसतात, तारा चारच, स्वरजुळणी निराळी, गजाची पकड उलटी. सतारियाला सरोद घ्यायला सांगण्यासारखेच ते आहे. कुणी म्हणेल, स्वस्त वाद्य घ्यावे. तशी वाद्ये मिळतात आणि शिकण्याच्या आरंभी ती ठीकही असतात. परंतु मैफलीत आवाज दूरवर पोचला पाहिजे, आणि दोन तास स्वरात राहिलेही पाहिजे. हवेतील ओलसरपणा थोडा बदलला की तात फुगते वा आकसते. वाद्य मुळात नेटके नसेल, तर वादकाचा निम्मा जीव खुंट्या पिळण्यातच जातो. शिवाय ही वाद्ये कारखान्यात ढिगांनी होत नाहीत. अस्सल जुन्या गांबा थोड्याच उरल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच संग्रहालयांत आहेत. म्हणून आजचे वादक हॅम्बुर्गचा योआखिम टील्के, लंडनचा बराक नॉर्मन, पॅरिसचा मिशेल कोलिशाँ अशा जुन्या कारागिरांच्या वाद्यांवरून केलेल्या प्रतिकृती वाजवतात. हे काम हातांनी करणारे कारागीर थोडे, एकेका वाद्याला महिनेच्या महिने लागतात आणि नामवंत कारागिराकडे नंबर लावून थांबावे लागते.

सुदैवाने मला एक तयार वाद्य सापडले आहे. एक ज्येष्ठ वादक बाई आता वादनातून निवृत्त होत आहेत. त्यांची सात तारांची, कोलिशाँच्या नमुन्यावरून केलेली गांबा पंचवीस वर्षे वाजून चांगली मुरलेली आहे. माझ्या गुरूंनी आणि एका स्वतंत्र कारागिराने ती तपासली आहे. दांडी, पोट, जोड सर्व ठीक असल्याचा लेखी अभिप्राय मी सोबत आणला आहे. त्या बाईंनी ३० जूनपर्यंत ती माझ्यासाठी राखून ठेवली आहे. त्यानंतर ती दुसऱ्याला जाईल, आणि त्यात त्यांचा काही दोष असणार नाही.

हिशेब असा आहे. गांबाची किंमत १२,००० युरो. तिला साजेसा गज १,८०० युरो. प्रवासासाठी कठीण पेटी ७०० युरो. नव्या तारा, किरकोळ दुरुस्ती आणि पहिल्या वर्षाचा विमा मिळून ५०० युरो. एकूण १५,००० युरो. यांतील ५,००० युरो मी शिकवण्या करून आणि छोट्या मैफली वाजवून साठवले आहेत. उरले १०,००० युरो, म्हणजे ढोबळमानाने दहा लाख रुपये. बँकेकडे मी गेले होते. वर्षभराचा परवाना आणि अनियमित मिळकत असलेल्याला कर्ज मिळत नाही. वडिलांचे घर माझ्या शिक्षणासाठी आधीच तारण आहे. ते कर्ज फेडायचे आहे आणि ते मी फेडणार आहे. त्याच घरावर दुसरा बोजा चढवण्याची त्यांची तयारी आहे, माझी नाही.

वाद्यासाठी मदत मागणे यात कमीपणा आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हा असे दिसले की उत्तम तंतुवाद्ये वादकाने एकट्याच्या बळावर विकत घेतल्याची उदाहरणे विरळाच आहेत. १९२९ साली येहुदी मेन्युइन हा मुलगा बारा वर्षांचा होता. त्याला स्ट्राडिव्हारीने १७३३ साली केलेले व्हायोलिन न्यूयॉर्कच्या हेन्री गोल्डमन या पेढीवाल्याने घेऊन दिले. ऐन तारुण्यात जॅकलीन द्यू प्रे यांच्या हाती जे दोन स्ट्राडिव्हारी चेलो आले, ते त्यांच्या धर्ममातेच्या औदार्याने. पुढे अशा एकेकट्या दात्यांच्या जागी संस्था आल्या. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेकडे जुन्या तंतुवाद्यांचा मोठा संग्रह आहे आणि ती वाद्ये ती वादकांना वापरायला देते. नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय वाद्यनिधी आहे, जर्मनीत १९९३ पासून तसाच निधी आहे. अमेरिकेतील गांबावादकांची संस्था आपल्या सभासदांना वाद्ये भाड्याने देते. या मोठ्या निधींत भरणा मुख्यतः व्हायोलिन व चेलो यांचा असतो, गांबाच्या वाट्याला फार थोडे येते. पण त्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटली. वाद्य निधीच्या मालकीचे राहते, वादक ते वापरतो, सांभाळतो, विमा भरतो, आणि त्याचे काम झाले की ते पुढच्याच्या हाती जाते. देणाऱ्याचा पैसा एका माणसात संपत नाही.

आपल्या शाळेत तरी वेगळे काय घडले होते? ज्या पालकांनी तो दिलरुबा दिला, त्यांनी तो माझ्यासाठी दिला नव्हता. त्यांना मी माहीतही नव्हते. माझ्या आधी तो तीन-चार जणांनी वाजवला, माझ्यानंतर दोघींनी. शाळेची ही इमारतही वर्गणीतूनच उभी राहिली आणि ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्यापैकी अनेकांची मुले त्या वेळी शाळेतून बाहेर पडलेली होती.

म्हणून मी देणगी मागत नाही. माझा प्रस्ताव असा आहे. परदेशी राहणाऱ्या वीस माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५०० युरो घालावेत आणि ही गांबा माझ्याबरोबर सामाईक मालकीने घ्यावी. दोन तृतीयांश मालकी त्यांची, एक तृतीयांश माझी. वापर आणि देखभाल माझ्याकडे. विमा सर्व मालकांच्या नावे, त्याचा हप्ता मी भरीन. वाद्य वापरण्याचे भाडे म्हणून मी दरमहा १०० युरो देईन, पण ते त्या वीस जणांना नव्हे, तर शाळेच्या वाद्यनिधीला. असे शंभर महिने, म्हणजे आठ वर्षे चार महिने. तेवढ्या काळात ती १०,००० युरोंची रक्कम पूर्णपणे शाळेत आलेली असेल आणि गांबाही जिथल्या तिथे असेल.

पैसे बाहेरच्यांनीच का घालावेत, असा प्रश्न साहजिक आहे. शाळेचा न्यास धर्मादाय आहे. त्याचा पैसा देशाबाहेर वाद्य घेण्यात गुंतवला, तर प्राप्तिकराच्या सवलतीला बाध येऊ शकतो. ते धाडस शाळेने करू नये आणि मीही सुचवणार नाही. उलट मी भारतीय नागरिक आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, इकडच्या संस्थेला दिलेली रक्कम परकीय योगदान कायद्याखाली येत नाही. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्या देणगीचे तसे नाही. ती घेण्यासाठी संस्थेकडे केंद्र सरकारची नोंदणी वा परवानगी लागते. म्हणूनच मार्ग असा आखला आहे की वीस जणांचे पैसे तिकडेच वाद्यात जातील आणि माझे भाडे इकडे शाळेत येईल. शाळेच्या लेखापरीक्षकांनी हा आराखडा वाचला आहे आणि त्यांच्या सूचनांनुसार मी तो दुरुस्तही केला आहे.

करारातील दोन कलमे मुद्दाम सांगते. लागोपाठ तीन महिने माझे भाडे चुकले, तर मालकांचे तीन प्रतिनिधी वाद्य ताब्यात घेऊन विकू शकतील, आणि मी त्याला हरकत घेणार नाही. मी वादन सोडले वा मला ते करणे अशक्य झाले, तर हे संगीत शिकणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याला ती गांबा त्याच अटींवर द्यावी. तसा विद्यार्थी नसेल तर विकून प्रत्येकाचा वाटा परत करावा. नफ्याची आशा मात्र कुणी धरू नये. चांगली ठेवलेली गांबा आपली किंमत बरीचशी राखून असते, पण ती स्ट्राडिव्हारीचे व्हायोलिन नव्हे. ज्याला गुंतवणूक करायची आहे, त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तो मला काल एका ज्येष्ठ सरांनी विचारला आणि विचारला हे बरे केले. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या उतरते आहे, वर्गांची डागडुजी व्हायची आहे, प्रयोगशाळेला साहित्य हवे आहे. अशा वेळी एका परक्या देशातल्या जुन्या वाद्यासाठी या मांडवात हात पसरावा का?

माझे उत्तर असे. ज्याच्यापाशी एकाच गोष्टीला देण्यापुरते आहे, त्याने ते शाळेलाच द्यावे. त्याबद्दल मला खंत वाटणार नाही. ज्या वीस जणांना दोन्ही शक्य आहे, त्यांच्यापुढेच मी माझे मागणे ठेवते आहे. आणि त्यांनी दिलेले अखेर शाळेतच यावे, अशी त्याची बांधणी केली आहे. महिन्याला साधारण दहा हजार रुपये ही शाळेच्या दृष्टीने फार मोठी रक्कम नाही, पण ती शंभर महिने नियमित येणार आहे. तेवढ्यातून संगीताच्या खोलीतील वाद्ये चालती राहतील आणि आठवड्यातून दोन दिवस वाद्य शिकवायला येणाऱ्या गुरूंना मानधन देता येईल. आज सकाळी मी त्या खोलीत जाऊन आले. पेटीचे भाते फाटले आहेत. तबल्याला पुडी नाही. दिलरुब्याच्या तारा गंजल्या आहेत, दोन पडदे निघाले आहेत, पण दांडी सरळ आहे. दुरुस्त होण्याजोगा आहे तो. वाद्यनिधीत येणाऱ्या पहिल्या रकमेतून या तिन्ही वाद्यांची दुरुस्ती व्हावी, अशी विनंती मी मंडळाला केली आहे.

ज्यांना पैसे घालायचे नाहीत वा घालणे शक्य नाही, त्यांच्याकडेही माझे मागणे आहे. बडोद्यात असे मराठी घर क्वचितच सापडेल, की जिथे कुणा ना कुणा पिढीत गाणे-बजावणे नव्हते. आजोबांची सतार, आत्याची बाजाची पेटी, काकांचा तबला असे काही ना काही माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेले असते. ठेवून दिलेले वाद्य जपले जाते असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. न वाजवलेल्या वाद्याला कसर लागते, सांधे सुटतात, भात्यांचे कापड विरते. ते शाळेला द्यावे. द्यायला मन होत नसेल, तर वापरायला द्यावे, नाव आपलेच राहू द्यावे. शाळेत तशी एक नोंदवही आजपासून ठेवली आहे. वाद्य कुणाचे, कोणत्या विद्यार्थ्याकडे, कधीपर्यंत, हे तिच्यात लिहिले जाईल.

पालकांना एवढेच सांगते. मूल वाद्य मागते तेव्हा ते पुढे टिकेल का, ही शंका रास्त असते, आणि म्हणून पहिल्याच दिवशी महागडे वाद्य घेऊन द्यावे असे मी म्हणणार नाही. पण शंका आहे म्हणून काहीच न देणे हाही उपाय नव्हे. वर्ष-दोन वर्षे उसन्या वाद्यावर शिकू द्यावे. ओढ खरी असेल तर ती तेवढ्यात कळते, नसेल तर वाद्य शाळेत परत येते आणि कुणाचे नुकसान होत नाही. माझ्या आईवडिलांना संगीतातले कळत नव्हते. शाळेचा दिलरुबा घरी होता, म्हणून रोज संध्याकाळी मला तासभर वाजवू देणे त्यांना परवडले. तेवढेच माझ्या वाट्याला आले आणि ते पुरले.

शेवटी व्यवहाराचे. कराराचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत, वाद्याच्या तपासणीचा अभिप्राय, छायाचित्रे आणि माझ्या मिळकतीचा गेल्या दोन वर्षांचा तपशील ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवला आहे. वाचल्याशिवाय कुणी होकार देऊ नये. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यात भाग घ्यायचा असेल, त्यांनी मार्चअखेरपर्यंत मंडळाच्या कार्यवाहांकडे नाव द्यावे. वीस नावे पूर्ण झाली तरच पैसे गोळा केले जातील. एकोणीस झाली, तर कुणाकडूनही काही घेतले जाणार नाही आणि तसे सर्वांना कळवले जाईल. वाद्यनिधी मात्र माझ्या गांबावर अवलंबून नाही. तो आजच सुरू होतो आहे आणि त्याची पहिली पावती म्हणून १०० युरोंइतकी रक्कम मी आज सकाळी कार्यालयात भरली आहे. जूनमध्ये काहीही घडले, तरी ती रक्कम शाळेचीच आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. संगीतातले आपले मत काहीही असो, या मागण्यावर विचार करण्याइतके आपलेपण आपण दाखवाल, याची मला खात्री आहे.